चौथ्या दिवशी काढलेली पट्टी

निजामभाई शिकलगार कॅज्युअल्टीत शिरले तेव्हा त्यांच्या डाव्या हाताला गुंडाळलेला टॉवेल लाल झाला होता आणि ते माझीच चौकशी करत होते.

"म्याडम, जेवण झालं का तुमचं?"

"झालं. हाताचं काय केलंत?"

"पटाशी सरकली. दांडी कोरत हुतो तंबोऱ्याची. लाकडात नेमकी तिथंच गाठ निघाली."

मागे त्यांची मुलगी आफरीन उभी होती. तिच्या ओढणीवरही रक्त होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मिरजेत वाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत निजामभाईंचं दुकान आहे. सतार आणि तंबोरा, बाकी कशाला हात लावायचा नाही, असा बाणा. गेली पाच वर्षं दर ईदला त्यांच्या घरून माझ्याकडे शीरखुर्मा येतो. माझी मुलगी मनवा गाणं शिकायला लागली तेव्हा एक छोटा तंबोरा स्वतः खांद्यावर घेऊन माझ्या घरी आले होते. नको म्हटलं तर रागावले.

मी टॉवेल सोडला. अंगठ्याच्या बुडाशी दोन सेंटिमीटरची चीर, कडा स्वच्छ. अशी जखम पाहून पूर्वी मी म्हणाले असते, किरकोळ आहे, चार टाके. आता मी काहीच म्हणत नाही. मी फक्त म्हणते, "हात परातीत ठेवा."

परात आमच्याकडे आली त्याला आता दोन वर्षं होतील. तिचं कंपनीनं ठेवलेलं नाव लांबलचक आहे आणि ते फक्त बिलावर असतं. दिसते परातीसारखी, म्हणून परात. उथळ थाळी, तिच्यात कोमट जेल, आणि काठाभोवती चार हजार बारीक ध्वनिक्षेपक. त्यांचे प्रतिध्वनी गोळा करून ती हाताच्या आतला एकेक तंतू रेखाटते. पण मज्जातंतूच्या बाबतीत नुसतं चित्र पुरत नाही. तो दिसायला अखंड आणि आतून मेलेला असू शकतो. त्यासाठी परातीच्या तळाशी चुंबकीय संवेदक बसवलेत. मज्जातंतूतून संदेश धावतो तेव्हा त्याच्याभोवती अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र उमटतं, पृथ्वीच्या चुंबकत्वाहून कोट्यवधी पटींनी क्षीण. पूर्वी ते मोजायचं तर उपकरण भयंकर गार ठेवावं लागायचं, आता ते खोलीतल्या हवेत चालतं. परात बोटाच्या टोकाला एक सौम्य टिचकी देते आणि ती मनगटापर्यंत पोचते का ते ऐकत बसते. संदेश जिथे थांबला, तिथे तार तुटली.

म्हणजे रुग्णाला काही विचारावं लागत नाही. टोचतंय का, वाकतंय का, कळतंय का, काही नाही. दारू प्यालेला, घाबरलेला, बेशुद्ध, तान्हं मूल, कुणाचाही हात चालतो. साडेतीन मिनिटांत पडद्यावर लाल ओळी येतात आणि त्या चुकत नाहीत. मी दोन वर्षं त्यांच्या चुका शोधते आहे. मला त्यात आनंदच झाला असता.

निजामभाईंच्या लाल ओळी दोन होत्या. अंगठा वाकवणारी कंडरा, म्हणजे स्नायूपासून हाडापर्यंत जाणारी ओढदोरी, पूर्ण कापलेली. अंगठ्याच्या एका बाजूचा मज्जातंतूही कापलेला. आजच जोडायला हवं. आमचे हाताचे सर्जन मगदूम वर थिएटरमध्ये होतेच. त्यांनी चारची वेळ दिली. घड्याळात पावणेतीन झाले होते.

लाल ओळींच्या खाली एक पिवळी ओळ लुकलुकत होती. "जुन्या खुणा: १. दाखवायच्या का?"

ह्या पिवळ्या ओळीबद्दल सांगायला हवं. परात बनवणाऱ्यांनी ती मुद्दाम घातलेली नाही. हातात आत जे काही झालेलं असतं ते पुसलं जात नाही, एवढंच. व्रण जुना होतो तशी त्यातल्या तंतूंची वीण बदलते, आणि त्यावरून परात त्याचं वय सांगते, महिनाभर इकडेतिकडे. आजची जखम नीट वाचायची तर कालची वजा करावीच लागते, म्हणून ती दोन्ही वाचते. पण कालच्या जखमा कुणी तपासल्या होत्या? आम्हीच. आम्ही किती वेळा चुकलो होतो हे परात येईपर्यंत आम्हाला ठाऊकच नव्हतं. चुकलेला रुग्ण सहसा परत येत नाही. तो बोट वाकत नाही म्हणून नशिबाला दोष देतो आणि दुसऱ्या हातानं घास घेतो.

पहिल्या महिन्यात सतरा पिवळ्या ओळी निघाल्या. एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं मुदतीआधी निवृत्ती घेतली, कारण गुडघ्यांचं सांगितलं. मग आमचे अधीक्षक डॉ. आरवाडे यांनी तोंडी सूचना काढली. कागदावर काही नाही. आजच्या जखमेपुरतं बघायचं. जुन्या खुणा दाखवायच्या का, ह्यावर नाही दाबायचं. सही झाली की न उघडलेली ओळ पुसली जाते.

मी दोन वर्षं नाही दाबत आले होते. फार सोपं असतं ते.

त्या दिवशी मी होय दाबलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. निजामभाईंचं त्याच हाताचं न वाकणारं जुनं बोट मला माहीत होतं, त्यात काय नवीन निघणार, असं मनात असेल. झाकपाक करायची ती अनोळखी माणसापुढे, ओळखीच्यापुढे कशाला, असा काहीतरी उलटा विचार.

पडद्यावर आलं ते असं. डाव्या हाताचं पहिलं बोट, म्हणजे तर्जनी, मधलं पेर. टोक वाकवणारी खोल कंडरा पूर्ण कापलेली, कडा सरळ, धारदार हत्याराची. अंगठ्याकडच्या बाजूचा मज्जातंतू त्याच रेषेत, त्याच घावात कापलेला. वय चार वर्षं दहा महिने. खाली बारीक अक्षरांत, याच रुग्णालयातली जुळणारी नोंद: किरकोळ जखम, पाच टाके. तपासणी: क. चौगुले.

क. चौगुले म्हणजे मी. कल्याणी.

मी पडदा भिंतीकडे वळवला. हात धुतले. परत धुतले.

मला तो दिवस आठवला, सगळाच. तेव्हाही पटाशीच होती. बोटातून रक्त फार येत होतं आणि बाहेर बाकावर अकरा माणसं होती. मी आधी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, मग टाचणी टोचून विचारलं, कळतंय का. हा उलटा क्रम आहे हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. आणि निजामभाई हसून म्हणाले होते, "आमाला काय कळतंय म्याडम, लाखेच्या पॉलिशची बोटं ही. विस्तवाला लावली तरी सांगत न्हाईत." मला ते पटलं. लाखेचं पॉलिश घासून घासून त्या लोकांच्या बोटांवर खरंच कवच चढतं. मी म्हटलं, बोट वाकवा. त्यांनी वाकवलं. मधलं पेर वाकलं. ते वाकवणारी कंडरा वेगळी, वरची, आणि ती शाबूत होती. टोकाचं पेर वेगळं धरून बघायचं असतं. मी धरलं नाही. पाच टाके, पट्टी, दहा दिवस हात वापरू नका, पुढचा.

इथपर्यंत ती चूक होती. चुका होतात, असं म्हणून माणूस झोपू शकतो. पुढचं तसं नाही.

दहाव्या दिवशी ते टाके काढायला आले. बोटाचं टोक वाकत नव्हतं. मी विचारलं, पट्टी कधी काढली? ते म्हणाले, चौथ्या दिवशी. एका मोठ्या गायकाचे तंबोरे द्यायचे होते, जवारी तेवढी लावायची राहिली होती, धाकटा भाऊ जैनू म्हणाला, भाई, घटकाभर सोडतो पट्टी, एवढं काम करून दे, मग बांधतो परत. त्यानंच कात्रीनं कापली. आणि मी, माझ्या नेहमीच्या स्वभावाप्रमाणे, तिथल्या तिथे कडाडले. "मग काय होणार? अर्धवट जखमी दोरी चौथ्या दिवशी ताण दिला की तुटणारच. भावानं तुमचं बोट तोडलं, असं समजा."

असं समजा, म्हणाले मी. ते तसंच समजले.

जवारी म्हणजे काय ते मला नंतर निजामभाईंनीच सांगितलं. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानशीनं इतका हलका घासायचा की तार तिला जेमतेम चाटून जावी. त्या चाटण्यातून तो झणकार येतो. घासायचं उजव्या हातानं, पण किती घासलं ते डाव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या टोकानं चाचपायचं. डोळ्याला तो उतार दिसत नाही. ते बोट गेलं आणि निजामभाईंची जवारी गेली. दोघा भावांचं दुकान एक होतं, त्याची दोन झाली, गल्लीच्या दोन बाजूंना, समोरासमोर. जवारीसाठी गिऱ्हाईक आता जैनूकडे जातं. पाच वर्षांत दोघांमध्ये एक शब्द नाही.

आणि माझ्याकडे शीरखुर्मा. "म्याडमनी खरं काय ते तोंडावर सांगितलं," असं निजामभाई लोकांना सांगत. माझ्या घरचा तंबोरा लागत नाही, मनवा म्हणायची. आई, ह्याचा आवाज मेल्यासारखा आहे. मी तिलाच रागावायचे.

तीन वाजून दहा मिनिटं. मी आरवाडे सरांच्या खोलीत गेले. बसले नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत, हे मला लिहून ठेवायचं आहे. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

"कल्याणी, त्या बोटाचं आज काही करता येईल का?"

"मज्जातंतूसाठी कलम नळी घालता येईल, मगदूम म्हणतात. हात एकदाच बधिर करायचा, त्यातच दोन्ही. पूर्ण नाही, पण टोकाला थोडी जाणीव येईल. कंडरेचं पुढच्या टप्प्यात."

"मग कर की. जुनी दुखापत, एवढंच लिही. कधीची, कशी, कुणी तपासली, ते कशाला? रुग्णाला जे मिळायला हवं ते सगळं मिळतंय. त्याचं काही नुकसान होतंय का?"

मी विचार केला. खरोखर केला. "नाही," मी म्हणाले.

"तू नाव लिहिलंस की उद्या पहिल्या महिन्यातल्या त्या सतरा ओळीही पुन्हा उघडाव्या लागतील. ती माणसं तेव्हा जे हाताशी होतं त्यानंच तपासत होती. आजच्या आरशात कालचा चेहरा बघून कुणाला फाशी द्यायची?"

"कुणाला नाही, सर."

"झालं तर."

मी बाहेर आले आणि मला खरंच हलकं वाटलं. जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरले. सर बरोबर बोलत होते. निजामभाईंचं नुकसान होत नव्हतं. त्यांचं बोट सुधारणार होतं. राहता राहिला एक माणूस, आणि तो माझा रुग्ण नव्हता.

कॅज्युअल्टीच्या दाराशी आफरीन उभी होती. खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, अब्बांना सांगू नका. चाचा आलेत. आमच्या रिक्षामागून गाडीवर आले. गेटपाशी थांबलेत. आत या म्हटलं तर म्हणतात, भाईला त्रास होईल."

मला हे ऐकायचं नव्हतं. मी म्हटलं, बरं, आणि आत गेले.

परातीचा फॉर्म भरायला घेतला. जुनी दुखापत, वय माहीत नाही. निजामभाई हात परातीतच ठेवून पलंगावर पडून छताकडे बघत होते. मी त्यांना सांगितलं की त्या जुन्या बोटाचंही आज थोडं करता येईल, टोकाला थोडंफार कळायला लागेल.

ते उठून बसले. "म्हंजे जवारी?"

"जवारीचं मी वचन देत नाही. थोडी जाणीव येईल."

त्यांनी ते बोट जेलमध्येच जरा हलवून बघितलं. मग म्हणाले, "लिवताय न्हवं तुमी? मग एक लिवा. हे बोट भावानं पट्टी काढली म्हणून गेलं. कागदावर असू दे तुमच्या हातचं. उद्या मी नसलो तर आफरीनला लोक सांगतील, तुझ्या बापानं उगा भावाला तोडलं. तिच्याजवळ कागद पायजे."

फॉर्ममध्ये ती जागा असतेच. रुग्णाच्या शब्दांत हकीकत. मी लिहायला सुरुवात केली. रुग्ण सांगतात की चौथ्या दिवशी भावाने. रुग्ण सांगतात, असं लिहिलं की ते खोटं होत नाही, डॉक्टरांची ही जुनी पळवाट आहे. मी वाक्य पुरं केलं. परातीनं क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि खाली एक ओळ आली. "सांगितलेली हकीकत ऊतींच्या खुणांशी जुळत नाही. कृपया पुन्हा विचारा."

पुन्हा विचारा. कुणाला विचारू? ही हकीकत त्यांची नव्हतीच. माझी होती. मी त्यांना दिली होती, आणि पाच वर्षं सांभाळून ते ती मला परत करत होते.

मी ओळ खोडली. स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

"निजामभाई, हे बघा. हे तुमच्या बोटातल्या दोरीचं टोक आहे. जुन्या. कसं दिसतं?"

त्यांनी मान पुढे केली. चष्मा नव्हता, तरी बघितलं. हा माणूस जन्मभर तारा ओढत आलेला. ताणानं तुटलेली तार आणि पक्कडीनं कापलेली तार ह्यातला फरक मी त्यांना काय समजावणार? ताणानं तुटलेलं टोक बारीक होत जातं, विस्कटतं. हे सरळ होतं.

"हे तुटल्यालं न्हाई," ते म्हणाले. "कापल्यालं हाय."

"पटाशीनं. पहिल्याच दिवशी. शेजारचा मज्जातंतू पण त्याच घावात. तुम्ही माझ्याकडे आलात तेव्हा ती दोरी तुटलेलीच होती. चौथ्या दिवशी तुटायला काही शिल्लकच नव्हतं. जैनूभाईंनी पट्टी काढली काय, ठेवली काय, काही फरक पडत नव्हता. मी नीट तपासलं नाही. आधी इंजेक्शन दिलं आणि मग विचारलं कळतंय का."

"मीच म्हणालो हुतो. पॉलिशची बोटं."

"तुम्ही म्हणालात. तपासायचं काम माझं होतं. आणि नंतर भावाचं नाव मी घेतलं. त्यामुळेच तुटली की नाही, हे मला माहीत नव्हतं. नुसतं तोंडाला आलं म्हणून बोलले."

मला वाटलं होतं ते ओरडतील. माझी तयारी होती. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात हळूच परातीतून बाहेर काढला, जेल ठिबकत होतं, आणि तो छातीशी धरला, माझ्यापासून लांब.

"तीन वर्षांपाठी अम्मी गेली," ते म्हणाले. "ठावं हाय तुमाला. तुमी आलता. कबरीत उतरवायच्या वक्ताला जैनू फुडं आला. मी त्याला असं हातानं मागं सारला. समद्या लोकांम्होरं. म्हटलं, तू न्हाई."

मी फरशीवर ठिबकलेलं जेल पुसायला वाकले.

"ते आता कुठनं आणायचं, म्याडम?"

आफरीन दारात रडत होती, आवाज न करता. घड्याळात साडेतीन झाले होते. वरून फोन आला, रुग्ण कधी पाठवताय. मी म्हटलं, दहा मिनिटं.

"तो भायेर हाय न्हवं?" निजामभाई म्हणाले. आफरीन दचकली. "त्याच्या गाडीचा आवाज मला कळत न्हाई व्हय? कान शाबूत हायेत माजे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमी जाऊन सांगा त्याला. तुमच्या तोंडानं. माझ्या तोंडानं नगं. ते नाव तुमच्या तोंडातनं निघालं हुतं."

मी गेले. कॅज्युअल्टीपासून गेटपर्यंत दीडशे पावलं आहेत, मी रोज चालते, त्या दिवशी ती संपेनात. उन्हात गाडीला टेकून एक बारकासा माणूस उभा होता. भुवया निजामभाईंच्याच. मला बघून त्यानं आधी विचारलं, "हात ऱ्हाईल न्हवं?"

"राहील." मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. लोक येत जात होते. शेवटी म्हणाले, "तुम्ही काहीही केलं नव्हतं. चूक माझी होती."

जैनूभाईंनी मान हलवली. सुटका झालेल्या माणसाचा चेहरा मी पुष्कळ पाहिलाय, बायका प्रसूत झाल्यावर बाहेर उभ्या नवऱ्यांचा असतो तो. तसा हा नव्हता. हा चिडलेला होता.

"न्हाई म्याडम. मीच तोडलंय. तुमी मला बरं वाटावं म्हणून बोलू नगा. मी तितंच हुतो. भाईनं बोट घोडीवर दाबलं आनि आवाज आला. कट् असा. माझ्या कानानं ऐकलाय मी. पाच वर्सं रोज ऐकतोय."

"कंडरा तुटलेली होती हो आधीच. आवाज कसा येईल?"

"आलाय," ते म्हणाले. "तुमी नव्हता तितं."

माझ्याकडे चार हजार ध्वनिक्षेपकांचा पुरावा होता आणि त्या माणसापुढे त्याची किंमत शून्य होती. मी त्यांचा दंड धरला आणि चालायला लागले. डॉक्टरनं असं कुणाला ओढत नेऊ नये. पण वेळ नव्हता आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. ते आले.

निजामभाईंना ट्रॉलीवर घेतलं होतं. जैनूभाई दाराशीच थबकले. पाच वर्षांनी दोघं एका छपराखाली. कुणी सलाम केला नाही. निजामभाईंनी उजव्या हातानं परातीच्या पडद्याकडे बोट केलं.

"बघ. टोक बघ."

जैनूभाईंनी वाकून बघितलं. खूप वेळ बघितलं. त्यांचा कारागिराचा डोळा त्यांना एक सांगत होता आणि कान दुसरं.

"पन आवाज आलता, भाई."

"आलता," निजामभाई म्हणाले. "मला पण आलता."

त्यांनी कोपरावर जरा उठून भावाकडे बघितलं.

"खर्जाची तार तुटली हुती त्या दिवशी. तू नवी पट्टी आणाय गेलास, तवर मी दुसरी तार चढवली. घोडीपाशी तुटली हुती. तू माझ्या बोटाकडं बघत हुतास, तुला कसं दिसंल?" मग जरा थांबून, "आनि मला दिसल्यालं मी इसरलो. म्याडम बोलल्या त्येच्या म्होरं इसरलो."

जैनूभाई खाली बसले. खुर्चीवर नाही, फरशीवर, ट्रॉलीच्या चाकाशी. तोंडावर दोन्ही हात घेतले. निजामभाईंनी उजवा हात खाली सोडला. तो भावाच्या डोक्यापर्यंत पोचत नव्हता, चार बोटं कमी पडत होता. जैनूभाईंना ते दिसलं नाही. आफरीननं ट्रॉलीचा खटका दाबून ती खाली केली.

वॉर्डबॉयनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, थांब जरा.

त्या जरामध्ये मी फॉर्म पुरा केला. वय, चार वर्षं दहा महिने. कारण, पहिल्या तपासणीत निदान राहून गेले. नंतर रुग्णास कारण चुकीचे सांगितले. तपासणी करणाऱ्याचं पूर्ण नाव. सही. पिवळी ओळ स्थिर झाली. मिनिटाभरात माझ्या टेबलावरचा फोन वाजायला लागला, आरवाडे सरांच्या खोलीतून. मी तो वाजू दिला.

ट्रॉली लिफ्टपाशी नेली. जैनूभाई एका बाजूला, आफरीन दुसऱ्या. मी मागे. माझी तिथे गरज नव्हती, तरी गेले. दार उघडलं तेव्हा निजामभाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"म्याडम."

"बोला."

"मनवाबाळाचा तंबोरा दुकानी पाठवून द्या. जैनूच्या."

दार मिटलं.

घोडी दुरुस्त करायला मागवलाय की दिलेली वस्तू परत घेतलीये, हे मला कळलं नाही, आणि दोन्हीचा त्यांना हक्क होता. मी खाली आले. टेबलावरचा फोन अजून वाजत होता. बाकावर सात माणसं होती. पहिल्या बाईच्या तळव्याला विळीची चीर होती, मी तिचा हात परातीत ठेवला, लाल ओळ एकच आली, त्याखाली पिवळ्या दोन. मी होय दाबलं. मग खुर्ची मागे सारून उभी राहिले, कारण बसून वाचवेना.

घरी गेल्यावर तंबोरा भिंतीवरून काढला. मनवा म्हणाली, आई, कुठे नेतेस? मी खर्जाची तार एकदा छेडून बघितली. आवाज मेलेलाच होता. तिला मी कितीदा रागावले होते त्यावरून. "तुझं बरोबर होतं," मी तिला सांगितलं, आणि तंबोरा खांद्यावर घेतला.